आवळ्याच्या डबीतली गोळी

माझं सेलूला कापडाचं दुकान आहे. गल्ल्याशेजारी खिळ्याला मोजायची कापडी पट्टी टांगलेली असते. वीस-बावीस वर्षं ती तिथेच आहे, पण गेल्या हिवाळ्यात मला तिची भीती वाटायला लागली होती.

कारण माझे व्याही. मुलीचे सासरे. त्यांचं समुद्रपूरला बी-बियाण्याचं दुकान आहे. वर्ध्याला काही काम निघालं की ते वाट वाकडी करून सेलूला यायचे, पायरीवर चपला काढायचे आणि बसायच्या आधी दोन्ही हात वर करून उभे राहायचे.

"मोजा, इवाईबुवा. बेंबीवरून मोजजा. मागच्या खेपेले तुम्ही पट्टी खाली सरकवली होती."

व्याह्याला आमच्या बोलण्यात इवाई म्हणतात, आणि इवायाची टर उडवणं हा इवायाचा हक्कच असतो. मी पट्टी काढायचो, त्यांच्या कमरेभोवती फिरवायचो. दर खेपेला ती आधीपेक्षा कमी भरायची. मग ते दुकानातल्या गिऱ्हाइकांकडे वळून सांगायचे, "हे पाहा, हे आमचे गुरू. यांच्या सांगण्यानं मी आर्धा झालो. कापड घ्याल तं यांच्याच दुकानातून घेजा, पण कमी घेजा. पुढच्या महिन्यात लागणार नाई तेवढं."

गिऱ्हाइकं हसायची. मीही हसायचो. हातात पट्टी असायची आणि शर्टाच्या खिशात आवळा सुपारीची पत्र्याची डबी. त्या डबीत आवळा नव्हता.

मी कोणाचाही गुरू नव्हतो. त्याआधीच्या पावसाळ्यात नागपूरला ऑपरेशन करून माझं पोट लहान करण्यात आलं होतं.

माझं वजन मी इथे सांगत नाही. एवढंच सांगतो की दुकानाच्या गादीवरून उठायला मला कपाटाच्या कडेचा आधार लागायचा. साखर होती, गुडघे गेले होते, आणि झोपेत घोरता घोरता श्वास थांबायचा. बायको मला हलवून जागं करायची. एके सकाळी ती म्हणाली, "मी आता झोपत नाई. तुमचा श्वास मोजत राह्यते." त्यानंतर मी नागपूरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाई स्पष्ट बोलणाऱ्या. ऑपरेशनच्या आधी त्यांनी माझ्या पोटाची सोनोग्राफी करवली. मला वाटलं जठर बघतात, तर त्या पित्ताची पिशवी बघत होत्या. म्हणाल्या, "तुमच्या पिशवीत आत्ता खडे नाहीत. पण ऑपरेशननंतर वजन झपाट्यानं उतरेल. अंगातली चरबी विरघळून यकृतात येते, पित्त दाट होतं. खाणं एवढंसं झाल्यामुळे पित्ताची पिशवीही नीट रिकामी होत नाही. साचलेल्या पित्ताचे मग खडे होतात."

मी विचारलं, "म्हणजे एक रोग घालवायला दुसरा घ्यायचा?"

"म्हणून तर आधीच बघते. ज्यांना खडे असतात आणि ते दुखतही असतात, त्यांची पिशवी मी त्याच वेळी काढून टाकते. खडे आहेत पण त्रास नाही, त्यांच्यावर लक्ष ठेवते. तुम्हाला काहीच नाही, म्हणून सहा महिने पित्त पातळ ठेवायची गोळी. ती चुकवायची नाही. आणि जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन पाठीकडे, खांद्याकडे गेली, तर तिला गॅस म्हणायचं नाही. सरळ दवाखाना." मी निघालो तेव्हा त्यांनी मागून पुन्हा बजावलं, "आणि कुठल्याही दवाखान्यात गेलात तर पहिल्यांदा हे ऑपरेशन सांगायचं. लपवायचं नाही."

गोळी मी एकदाही चुकवली नाही. लपवायचं नाही हे मात्र मी घरी पोचायच्या आधीच मोडलं.

सुरुवात बायकोनं केली, पण दोष तिचा नाही, कारण मीच तिला तसं सांगितलं होतं. शेजारणीनं विचारलं, "कुठं गेले जी घरचे?" तर ही म्हणाली, "निसर्गोपचाराले गेले." आमच्या वर्धा जिल्ह्यात एवढं उत्तर पुरतं. मातीच्या पट्ट्या, उकडलेला भोपळा, उपास, पहाटेची प्रार्थना. माणूस काही दिवस दिसला नाही आणि बारीक होऊन परत आला, तर इथे कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. उलट मान देतात. निसर्गोपचार करणाऱ्या माणसांनी असं अंदाधुंद उपाशी राहायला कोणाला सांगितलं नसतं, हेही इथे सांगायला हवं. त्यांचं नाव मी फक्त आडोशाला वापरलं.

का, तर लाज. तोंडावर ताबा नाही म्हणून पोट कापून घेतलं, असं लोक म्हणतील. लोकांचं कशाला, आमच्या गावातल्या एका ठेकेदाराबद्दल मी स्वतःच असं म्हणालो होतो, चारचौघांत, भजी खाता खाता.

दिवाळीला मुलगी-जावयासोबत व्याही आणि विहीणबाई आमच्याकडे आले. व्याह्यांनी मला बघितलं आणि दारातच थांबले. फराळ झाल्यावर मला हाताला धरून अंगणात नेलं.

"खरं सांगजा, इवाईबुवा. मले बी शुगर निघाली हाय. काय केलं तुम्ही?"

तेव्हा सांगता आलं असतं. अंगणात दुसरं कोणी नव्हतं. पण मी म्हणालो, "काही नाही. सकाळी दुधीचा रस. दुपारी अर्धी भाकर. संध्याकाळी पाणी. मधून मधून नुसता उपास. शरीर स्वतःच स्वतःला बरं करते."

शेवटचं वाक्य मी कुठून आणलं मला माहीत नाही. बोलताना ते मलाही खरं वाटलं. माझं ताट खरोखरच तेवढंसं झालं होतं, त्यामुळे खोटं बोलतोय असं वाटतच नव्हतं. फरक एवढाच होता की माझ्या पोटात जागा नव्हती. त्यांना मात्र भूक मारावी लागणार होती.

"अन् हे काय खाता घडीघडी?"

मी डबीतून गोळी काढून तोंडात टाकत होतो. म्हणालो, "आवळा."

पुढच्या खेपेला त्यांच्याही खिशात तशीच डबी होती. त्यांच्या डबीत खरा आवळा होता.

संक्रांतीच्या सुमारास मुलीचा फोन आला. सासऱ्यांना ती मामाजी म्हणते. तिकडची खबरबात सांगता सांगता म्हणाली, "बाबा, मामाजी आता जेवतच नाईत. आई रोज रागावतात. मधी पोट दुखलं तं दोन दिवस नुसते पाण्यावर राह्यले. म्हणे इवायानं सांगतलं, उपासानं समदं बरं होते."

माझ्यासमोर गिऱ्हाईक साडीचा पदर उलगडून बघत होतं. मी विचारलं, "कुठं दुखलं पोटात?"

"वरच्या बाजूले म्हणे. गॅस असंन."

गॅस म्हणायचं नाही, हे वाक्य माझ्या डोक्यात स्पष्ट उमटलं, बाईंच्या आवाजात. मी मुलीला म्हणालो, "काळजी घे," आणि फोन ठेवला. साडी विकली. त्या दिवशी मी काय काय विकलं ते आठवत नाही, ही साडी आठवते. मोरपंखी होती.

त्यानंतर पंधरवड्यानं व्याह्यांच्या वावरात रोडग्यांचा कार्यक्रम निघाला. कापूस वेचून झाला होता, हरभरा उभा होता. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकून फोडायचे आणि वर तूप ओतायचं. सोबत वांग्याची भाजी. मी आणि बायको सकाळीच पोचलो. व्याही दुरून ओळखू आले नाहीत. सदरा खांद्यावरून उतरत होता, गालाची हाडं वर आली होती. पण आवाज तोच.

"या गुरुजी! आज उपास मोडणार हाय. तुमची परवानगी पाह्यजे."

"मोडा," मी म्हणालो.

त्यांनी दोन रोडगे खाल्ले. भुकेलेला माणूस कसा जेवतो ते मी त्या दिवशी बघितलं. विहीणबाई वाटीनं तूप ओतत होत्या आणि खूश होत्या. "खा जी, खा. कितीक दिवसांनी खाऊन राह्यले!" माझ्या पत्रावळीवर रोडग्याचा एक तुकडा होता. त्याकडे बघून व्याही म्हणाले, "पाहा, याले म्हणते ताबा."

जेवणं आटोपून बायका भांडी घासायला विहिरीवर गेल्या. व्याही बाभळीच्या बुंध्याला टेकून बसले होते. गप्पा मारता मारता ते एकाएकी गप्प झाले. उजव्या बरगडीखाली मूठ दाबून ते पुढे वाकले. मग ओकारी झाली. सगळे धावले.

"गॅस धरला. ओवा चावा," विहीणबाई म्हणाल्या.

त्यांच्या चुलतभावानं जमिनीवर पोतं अंथरलं. "बेंबी सरकली असंन. झोपवा. बेंबीवर दिवा ठेवून तांब्या लावू, येते जागेवर."

"पाठीत... पाठीत बी जाऊन राह्यलं," व्याही म्हणाले.

मी त्यांच्याजवळ बसलो. उन्हात त्यांचा चेहरा वर होता. डोळ्यांच्या पांढऱ्यात पिवळी झाक होती. मी हळूच विचारलं, "लघवी पिवळी होते का?"

"हळदीवानी. दोन दिस झाले. पाणी कमी पडलं असंन."

मी उभा राहिलो. "वर्ध्याला चला. आत्ता. पोटाची सोनोग्राफी करायला पाह्यजे."

"काऊन?" व्याही दात आवळून म्हणाले. "हे तिसऱ्यांदा हाय. मागं बी असंच उपासानं गेलं. उद्यापासून तीन दिवस पाण्यावर राह्यतो. माझा गुरू इथं उभा हाय, तुम्ही काय दवाखाना लावून राह्यले?" वेदनेतही ते सगळ्यांना हसवायला बघत होते.

चुलतभाऊ म्हणाला, "बरोबर हाय. इवाईबुवाचं पाहा, त्याहीले कुठं दवाखाना लागला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. जावई, मुलगी, विहीणबाई. माझी बायको विहिरीवरून ओल्या हातांनी आली होती आणि तीही माझ्याकडेच बघत होती. तिला सगळं माहीत होतं. मला त्या घडीला दुसरं काही सुचलं नाही. मी पॅन्टमधून शर्ट ओढून काढला आणि बनियनसकट वर केला. आरासमोर, भर दुपारी, वावरात.

पोटावरच्या खुणा लहानच आहेत, पण अजून गडद होत्या.

"हे ऑपरेशन आहे," मी म्हणालो. "माझं पोट नागपूरला लहान करून आणलं. मी निसर्गोपचाराला गेलो नव्हतो. उपासानं माझं काही झालं नाही. असं वेगानं वजन उतरलं की पित्तात खडे होतात, ते होऊ नयेत म्हणून मला डॉक्टरनं गोळी दिली आहे. या डबीत आवळा नाही, गोळी आहे. तुम्हाला ती कोणी दिली नाही. तुम्हाला मी नुसतं उपाशी राहायला सांगितलं."

व्याही माझ्या पोटाकडे बघत राहिले.

"म्हंजे दुधी?" ते म्हणाले.

"दुधीचं काही नाही."

"मी तीन महिने रोज दुधी पेलो ना बाप्पा!" ते हसले, आणि हसताना कळ आली तसे आणखी वाकले. मग जावयाकडे हात करून म्हणाले, "उठव मले. गाडी काढ. यानंच पाडलं, आता हाच उचलून राह्यला तं चाला."

गाडी जावई चालवत होता. मुलगी पुढे बसली होती, मागे वळून बघत नव्हती. मी आणि विहीणबाई मागे व्याह्यांना धरून बसलो होतो. त्यांना थंडी वाजायला लागली होती, अंग तापलं होतं. जाम गावच्या चौकातून गाडी वर्ध्याकडे वळली तेव्हा त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "दुखलं का जी ऑपरेशनले?"

"थोडं."

"मंग सांगाले काय झालं होतं?"

"लाज वाटली."

"एवढं पोट सुटलं होतं तवा नाई वाटली, अन् गेल्यावर वाटली?"

त्यांनी माझा हात सोडला नाही, आणि मी त्या रस्त्याभर त्यांचे श्वास मोजत होतो. माझ्या बायकोनं माझे श्वास मोजले होते तसं.

वर्ध्याच्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. पित्ताची पिशवी बारीक खड्यांनी भरलेली होती. त्यातला एक सरकून पित्ताच्या नळीत अडकला होता, म्हणून कावीळ आणि ताप. तरुण डॉक्टर होते. त्यांनी समजावून सांगितलं की तोंडातून दुर्बीण घालून आधी तो अडकलेला खडा काढायचा, ताप उतरला की मग पिशवी काढायची. "आज आणलं ते बरं केलं. असेच पाण्यावर राहिले असते तर जंतू रक्तात पसरले असते. मग आमच्याही हातात फारसं राहत नाही."

मला कोणी काही विचारलं नव्हतं, तरी मी त्यांना सगळं सांगितलं. माझं ऑपरेशन, गोळी, दुधी. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तुमचं जठर छोटं करून आतडं पुढे जोडलंय ना? मग असा खडा तुम्हाला झाला असता तर ही दुर्बीण या वाटेनं सहज पोचली नसती. दुसरी वाट काढावी लागली असती, आणि तुम्ही बोलला नसता तर आम्ही चुकीच्या वाटेनं गेलो असतो. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल."

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

मग मी त्यांना विचारायचं होतं ते विचारलं. "हे खडे माझ्यामुळे झाले का?"

त्यांनी लगेच नाही म्हणावं असं मला वाटत होतं. ते म्हणाले, "आधीपासून होते की आता झाले, हे सांगता येणार नाही. आधी सोनोग्राफी कुठे झाली होती? पण इतकं उपाशी राहून झपाट्यानं वजन उतरवलं की नवे होतात आणि असलेले दुखायला लागतात. वजन उतरवायला हरकत नव्हती. हळू, आणि कोणाच्या तरी देखरेखीखाली उतरवायला हवं होतं." एवढं बोलून ते आत गेले.

बाहेरच्या बाकावर मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. बराच वेळ ती ओढणीच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती.

"मले तरी सांगायचं होतं, बाबा. पोट कापलं तुमचं, अन् मले माहीत नाई. काही झालं असतं तं?"

मी म्हणालो, "चुकलो."

"तुम्हाले वाटलं सासरी माझी मान खाली जाईन?"

तसंच वाटलं होतं. ती म्हणाली, "मान आज गेली खाली. वावरात." मग थोड्या वेळानं, "पण तुम्ही शर्ट वर केला ते बरं झालं. नाई तं त्या काकांनी तांब्या लावलाच असता." ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही.

दिवेलागणीच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले. खडा निघाला होता, पित्त मोकळं झालं होतं. विहीणबाईंनी तिथेच, भिंतीकडे तोंड करून, हात जोडले.

ताप उतरल्यावर काही दिवसांनी पिशवीही काढली, माझ्यासारखीच बारीक छिद्रांतून. मी भेटायला गेलो तेव्हा व्याही उशीला टेकून बसले होते. डोळे पांढरे स्वच्छ झाले होते. त्यांनी हात पुढे केला. "आणा ती डबी."

मी दिली. त्यांनी उघडली, गोळी चिमटीत धरून उजेडात बघितली. "एवढीशी? अन् मी आवळ्याच्या किती डब्या खाल्ल्या!" मग हॉस्पिटलचा अंगरखा वर करून त्यांनी स्वतःच्या पोटावरच्या पट्ट्या दाखवल्या. "आता पाहा. तुमच्याइतक्याच हाय. इवाई बरोबरीचा पाह्यजे."

विहीणबाई म्हणाल्या, "लाज हाय का जी तुम्हा दोघाले? वॉर्डात बाया बसल्या हायेत." पण त्याही हसत होत्या. मी घरी जायला निघालो तेव्हा त्यांनी मोसंबीचा रस माझ्यापुढे धरला, अर्धाच पेला. माझ्या पोटात तेवढाच मावतो हे आता त्यांना माहीत होतं.

माझ्या गोळीचे सहा महिने संपले आहेत. बाईंनी पुन्हा सोनोग्राफी करवली. पिशवी स्वच्छ आहे. सकाळी फिरायला जाणारी आमची मंडळी मला वजनाबद्दल विचारायची, त्यांना मी खरं सांगितलं. दोघं-तिघं गालात हसले. त्या ठेकेदाराला मी रस्त्यात थांबवून माफी मागितली. त्याला मी काय म्हणालो होतो ते माहीतच नव्हतं, त्यामुळे तेही सांगावं लागलं.

होळी झाल्यावर व्याही सेलूला आले. पायरीवर चपला काढल्या, दोन्ही हात वर केले. आता ते समुद्रपूरच्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे तिन्ही वेळ थोडं थोडं जेवतात, आणि संध्याकाळी विहीणबाईंसोबत चालतात. मी पट्टी काढली, बेंबीवरून फिरवली.

"किती?"

मागच्या खेपेपेक्षा दोन बोटं जास्त भरली होती. दुकानात गिऱ्हाइकं बसलेली होती.

"वाढली," मी मोठ्यानं म्हणालो. "दोन बोटं."

"नक्की? सरकवली नाई ना?"

"नाही सरकवली."

त्यांनी हात खाली घेतले, गादीवर बसले आणि माझ्या बायकोला हाक मारून म्हणाले, "इहीनबाई, चहा टाका. साखर नका टाकजा, पण चहा मोठा टाका."